वाचकांचे प्रश्न : यान मायेन, समुद्राच्या जिवावर जगणारं ज्वालामुखीचं बेट

गेल्या अंकात या सदरात एक सॅटेलाइट फोटो छापला होता. निळ्याशार समुद्रावर ढगांची पांढरी चादर, तिच्या एका टोकाला काळा ठिपका आणि त्या ठिपक्यामागे ढगांचे गोल गोल भोवरे, वेणी घातल्यासारखे, लांबच लांब गेलेले. खाली एवढंच लिहिलं होतं, 'यान मायेन बेट, नॉर्वे'. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं अख्खं सदर या बेटालाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः तिथे गेलेलो नाही पण या बेटाबद्दल मिळेल ते वाचत आलोय आणि कुणी विचारलं की बोलायला मला आवडतंच.

प्रश्न : तो फोटो खरा आहे की कॉम्प्युटरवर बनवलेला? ढग असे गोल कसे फिरतात? आणि हे बेट नक्की आहे तरी कुठे?

फोटो खराच आहे, आणि असे फोटो तिथले वरचेवर मिळतात. वाहत्या ओढ्यात एखादा मोठा धोंडा असेल तर त्याच्या मागे पाणी बघा, एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, परत डावीकडून, आणि ते सगळे प्रवाहाबरोबर पुढे जात राहतात. इथे ओढ्याच्या जागी वारा आहे आणि धोंड्याच्या जागी बेरेनबर्ग नावाचा २,२७७ मीटर उंचीचा डोंगर. समुद्रावर ढग अगदी खाली पसरलेले असतात, डोंगर त्यातून मान वर काढून उभा असतो, वाऱ्याला त्याला वळसा घालून जावं लागतं आणि मागे भोवऱ्यांची रांग सुटते, कधीकधी शेकडो किलोमीटर लांब. थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञांच्या नावावरून यांना कार्मान भोवरे म्हणतात.

आता कुठे ते सांगतो, ॲटलस असेल तर उघडा. ७१ अंश उत्तर अक्षांश, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही बरंच वर. पश्चिमेला ग्रीनलंड साधारण ५०० किमी, दक्षिणेला आइसलंड साडेपाचशे-सहाशे किमी, आणि ज्या देशाच्या मालकीचं आहे तो नॉर्वे पूर्वेला जवळपास १,००० किमी. मधे दुसरी जमीनच नाही. बेट सुमारे ५५ किमी लांब, क्षेत्रफळ ३७५ चौ. किमीच्या आसपास, आकार पळीसारखा. ईशान्येला गोल फुगलेला भाग म्हणजे बेरेनबर्ग, नैऋत्येला लांब दांडा, आणि मधली कंबर इतकी बारीक की एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायला जेमतेम अडीच किमी.

प्रश्न : मी भूगोल शिकवत होतो, आता निवृत्त आहे. बर्फाच्या प्रदेशात ज्वालामुखी म्हटलं की मुलं हमखास गोंधळायची. यान मायेनचा ज्वालामुखी जिवंत आहे का? आणि तिथे तो तयार कसा झाला?

सर, जिवंत आहे. समुद्राच्या पाण्याखालचे सोडले तर जगातला सगळ्यात उत्तरेकडचा जिवंत ज्वालामुखी म्हणून बेरेनबर्गचंच नाव घेतात.

मुलं गोंधळतात कारण आपण थंडी वरची बघतो आणि आग खालची असते, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अटलांटिक महासागराच्या तळाशी मधोमध एक पर्वतरांग आहे, तिथे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, एकमेकांपासून लांब जातायत आणि फटीतून खालचा वितळलेला खडक वर येतो. आइसलंड याच रांगेवर आहे. तिथून उत्तरेला ही रांग सरळ जात नाही, यान मायेनजवळ तुटते, एका मोठ्या आडव्या भेगेने बाजूला सरकते आणि मग पुढे सुरू होते. त्या तुटलेल्या सांध्यापाशीच हे बेट आहे. वय काही लाख वर्षं, म्हणजे भूगर्भशास्त्राच्या हिशोबात अगदीच पोर.

आणि १९७० ची गोष्ट तर वर्गात सांगण्यासारखीच आहे. तोवर हा डोंगर थंड पडलाय, झोपलाय कायमचा असं बहुतेकांना वाटत होतं. त्या सप्टेंबरात ईशान्य उतारावर कित्येक किलोमीटर लांबीची भेग पडली, हिमनदीचा बर्फ फाडून लाव्हा बाहेर आला आणि थेट समुद्रात गेला. तिथल्या हवामान स्टेशनवरच्या माणसांना विमानाने बाहेर काढावं लागलं. सगळं शांत झाल्यावर मोजलं तर बेट साडेतीन-चार चौ. किमीने वाढलेलं होतं! म्हणजे नकाशा बदलावा लागला. अर्थात समुद्र काही गप्प बसत नाही, त्या नव्या जमिनीच्या कडा लाटा तेव्हापासून कुरतडतायतच. मग जानेवारी १९८५ मध्ये आणखी एक छोटा उद्रेक झाला, तो एक-दोन दिवसांत आटोपला.

बेटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हिमनद्यांखाली आहे आणि तो सगळा बर्फ या एका डोंगरावर. माथ्यावरचं मुख्य विवर साधारण एक किमी रुंद, बर्फाने भरलेलं, त्याची एक कड फुटलेली आणि त्या फुटक्या कडेतून वेप्रेख्त नावाची हिमनदी निघते ती उतरत उतरत पार समुद्रापर्यंत जाते. जिथून कधीतरी लाव्हा वाहिला तिथून आता बर्फ वाहतोय. १९२१ मध्ये माणसं पहिल्यांदा या माथ्यावर पोचली, त्यात जेम्स वर्डी होते, शॅकल्टनच्या अंटार्क्टिकावरच्या एन्ड्युरन्स मोहिमेतले भूगर्भशास्त्रज्ञ.

प्रश्न : झाडं नाहीत, माती नाही, वर बर्फ आणि खाली काळी राख. मग तिथे जगतं काय आणि कशावर?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण या बेटाची सगळी मेख यातच आहे. यान मायेनवर जे जगतं त्यातलं बहुतेक जमिनीवर पोट भरत नाही. पोट समुद्रावर भरतं, जमीन फक्त बसायला आणि अंडं ठेवायला.

समुद्र इतका देणारा का, तर बेटाच्या पश्चिमेकडून ग्रीनलंडचा थंड प्रवाह खाली येतो, पूर्वेला अटलांटिकचं त्यामानाने उबदार पाणी वर जातं आणि बेट दोघांच्या मधे. वसंतात सूर्य परतला की पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो, त्यावर कॅलानस नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे जीव पोसले जातात. त्यांच्या अंगात तेलाचा साठा असतो, म्हणजे एवढ्याशा जीवात भरपूर ताकद. पुढची सगळी साखळी, मासे, पक्षी, सील, व्हेल, ही त्या तेलाच्या थेंबावर चालते म्हटलं तरी चालेल.

लिटल ऑक नावाचा पक्षी घ्या. काळा-पांढरा, मुठीत मावेल एवढा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. हा समुद्रात बुडी मारून कॅलानस एकेक करून टिपतो, गळ्याखालच्या पिशवीत साठवतो आणि ती फुगलेली पिशवी घेऊन बेटावर येतो. घरटं म्हणजे डोंगरउतारावर पडलेल्या दगडांच्या ढिगात एक फट, आत एकच पिल्लू. ज्वालामुखीचा डोंगर सतत ढासळत असतो, दगड सुटून खाली येतात, आपल्याला ती पडझड वाटते आणि यांना त्यात हजारो घरं मिळतात.

बेटावर सगळ्यात जास्त दिसतो तो फुलमार. लांबून सीगलसारखा वाटतो पण त्याच्या चोचीवर नळ्या असतात, आणि त्यातून तो समुद्राचं जास्तीचं मीठ बाहेर टाकतो. पंख ताठ धरून लाटांना लागून तासन् तास तरंगतो. अंडं वर्षातून एकच, तेही आयुष्याची आठ-दहा वर्षं झाल्यावर, पण मग चाळीस-चाळीस वर्षं जगतो. आणि याच्या पिल्लाच्या जवळ जायचं नाही! घरट्यात एकटं बसलेलं ते राखाडी कापसाचं बोंड दिसायला गरीब पण कोणी जवळ आलं की गळा फुगवतं आणि पोटातलं केशरी तेल पिचकारीसारखं तोंडावर मारतं. कुजलेल्या माशांचा वास, कपड्यांतून काही केल्या जात नाही. माणसाचं कपड्यावर निभावतं, पण हल्ला करणाऱ्या पक्ष्याच्या पिसांना ते तेल लागलं तर पिसं चिकटतात, पाणी अडवेनाशी होतात, आणि थंड समुद्रावर तो शिकारी पक्षी मरूसुद्धा शकतो. आई-बाप दोघंही समुद्रावर गेलेले असताना त्या पिल्लाकडे स्वतःला वाचवायला एवढंच असतं.

याशिवाय कड्यांवर गिलेमॉट, किटिवेक, पफिन, आणि या सगळ्यांच्या अंड्यांवर-पिल्लांवर टपलेले मोठे ग्लॉकस गल. पक्षी लाखांच्या हिशोबात. आणि त्यांची शीट समुद्रातून आणलेलं खत म्हणून कड्याखाली पडत राहते, त्यामुळे सगळं बेट काळं-करडं असलं तरी पक्ष्यांच्या कड्याखाली गर्द हिरवे पट्टे दिसतात. बाकी ठिकाणी लाव्हावर राखाडी-हिरव्या मॉसचे जाड गालिचे आहेत. त्यावर पाय पडला की ठसा कित्येक वर्षं राहतो, इतकी सावकाश वाढ. उत्तरेच्या बाजूला नोर्डलागुना नावाचं गोड्या पाण्याचं तळं आहे, समुद्रापासून वाळूच्या एका पट्ट्याने तुटलेलं, त्यात 'आर्क्टिक चार' नावाचे, सॅमनच्या कुळातले मासे आहेत.

प्रश्न : बर्फ आहे मग पेंग्विन का नाहीत?

कारण पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. उत्तरेला उभं राहणारे, काळे-पांढरे, पाण्याखाली पंखांनी पोहणारे जे दिसतात ते ऑक कुळातले, पेंग्विनशी नातं नाही, फक्त एकच काम करून करून शरीरं सारखी झालीयेत. फरक मोठा असा की आजचे ऑक उडतात. न उडणारा एक होता, ग्रेट ऑक, तो माणसाने मारून मारून १८४४ च्या सुमाराला संपवला, शेवटची नोंदलेली जोडी आइसलंडजवळच्या एका बेटावर मारली गेली.

प्रश्न : बेरेनबर्ग म्हणजे 'अस्वलांचा डोंगर' असं वाचलं. मग अस्वलं आहेत का? आणि कोल्हे?

बरोबर वाचलंत, डच भाषेत अस्वलांचाच डोंगर. सतराव्या शतकात डच व्हेल-शिकारी तिथे होते तेव्हा त्यांना ध्रुवीय अस्वलं दिसायची म्हणून हे नाव. अस्वलं बेटाची कायमची रहिवासी नव्हती, ती ग्रीनलंडच्या बाजूने समुद्रावरच्या बर्फावरून चालत यायची. आता तो बर्फ बेटापर्यंत क्वचितच पोचतो. पूलच नाही तर येणार कशी? नाव राहिलंय, अस्वलं नाहीत.

कोल्ह्यांचं जास्त वाईट वाटतं. आर्क्टिक कोल्हे या बेटावर खरोखर भरपूर होते, आणि त्यांच्या फरला युरोपात किंमत होती. २० व्या शतकाच्या सुरुवातीला फासे लावणारे लोक हिवाळा हिवाळा तिथे राहून कोल्हे मारायचे. पुढे शिकार थांबली पण तोपर्यंत इतके थोडे उरले होते की संख्या परत सावरलीच नाही. मुख्य भूमी जवळ असती तर बाहेरून नवे कोल्हे आले असते. इथे तेही बर्फाच्याच वाटेने यायचे आणि ती वाट आता मोडली. एखादा प्राणी संपायला शेवटचा मारावा लागतो असं नाही हे या बेटावरून कळतं, दूरच्या बेटावर थोडे उरले की पुष्कळदा तेवढ्यानेच संपतं.

प्रश्न : एवढ्या लांब, एवढ्या थंडीत माणसं मुळात गेलीच कशाला?

तेलासाठी. व्हेलच्या तेलासाठी. १६१४ मध्ये या बेटाची पक्की नोंद झाली आणि यान याकोब्सझून माय या डच कप्तानाचं नाव त्याला मिळालं. बोहेड व्हेल तिथे गर्दीने होते. हा व्हेल हळू पोहतो, चरबीचा थर अर्धा मीटरपर्यंत जाड, आणि मेल्यावर बुडत नाही, तरंगतो. शिकाऱ्याला आणखी काय पाहिजे! किनाऱ्यावर भट्ट्या लावून चरबी उकळायचे आणि पिंपं भरून न्यायचे. पंचवीस-तीस वर्षांत बेटाभोवतीचे व्हेल संपले आणि भट्ट्या ओस पडल्या. बोहेड दोनशे वर्षंसुद्धा जगू शकतो, मादीला पिल्लू तीन-चार वर्षांनी एक, अशा जीवाची लोकसंख्या पंचवीस वर्षांत साफ केली तर ती भरून यायला किती पिढ्या लागतील याचा हिशोब त्यावेळी कोणी केला नाही.

त्यातली एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६३३ च्या हिवाळ्यात व्हेल-शिकारी कंपनीचं सामान सांभाळायला सात डच खलाशी बेटावर मागे राहिले. त्यांनी रोजनिशी ठेवली होती, वारा, बर्फ, दिसलेली अस्वलं, सगळं लिहिलंय. खारवलेलं मांस खाऊन खाऊन त्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा जीवघेणा रोग. पुढच्या जूनमध्ये जहाजं आली तेव्हा सातही जण मेलेले होते. मघाशी मी पक्ष्यांच्या कड्याखालच्या हिरवळीचं बोललो ना, त्या हिरवळीत स्कर्व्ही ग्रास म्हणतात ती मांसल पानांची वनस्पती उगवते, क जीवनसत्त्वाने भरलेली. त्याच हिवाळ्यात आणखी उत्तरेला स्पिट्सबर्गन बेटावर दुसरे सात डच राहिले होते, त्यांनी ताजं मांस आणि ही पानं खाल्ली आणि सातही जगले. यान मायेनवरच्या सात जणांचं औषध बर्फाखाली, चालत जाण्याच्या अंतरावर होतं हे वाचताना मला दर वेळी चुटपूट लागते.

प्रश्न : आज तिथे कोण राहतं? पर्यटक म्हणून जाता येतं का?

कायमची वस्ती नाही. ओलोन्किनब्युएन नावाचं छोटं स्टेशन आहे, साधारण १८ माणसं, नॉर्वेच्या लष्कराची आणि हवामान खात्याची, सहसा सहा-सहा महिन्यांच्या पाळीने. हवामान स्टेशन १९२१ पासून आहे. फुगे सोडून वरच्या हवेचं माप घेतात, आणि एवढ्या मोठ्या रिकाम्या समुद्रात मोजणारं दुसरं कोणी नसल्यामुळे त्या आकड्यांना फार किंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात तर या हवामानाच्या बातमीसाठी दोन्ही बाजू जिवावर उदार होत्या.

थंडी म्हणाल तर अंदाज करता त्याहून कमी, समुद्रामुळे हिवाळ्याची सरासरी शून्याखाली पाच अंशांच्या आसपासच असते. पण उन्हाळाही तसाच, पाच-सहा अंश, वर सतत धुकं आणि वारा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवत नाही आणि मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मावळत नाही.

जाणं अवघड आहे. बंदर नाही, रनवे मुरुमाचा आणि तो पर्यटकांसाठी नाही. थोडी जहाजं उन्हाळ्यात जातात, लाट शांत असेल तर रबरी बोटीने उतरवतात, नसेल तर लांबूनच बेट बघून परत. २०१० पासून जवळजवळ सगळं बेट संरक्षित आहे. ते योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्यावर सायबेरियातल्या नद्यांमधून बर्फाबरोबर वाहत आलेले लाकडाचे ओंडके पडलेले दिसतात, ते शतकानुशतकं येतायत. पण आता त्यांच्यामध्ये मासेमारीची जाळी आणि प्लास्टिकही असतं, आणि फुलमार पाण्यावर तरंगणारं जे दिसेल ते गिळतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. मी एका व्हिडिओमध्ये पाहिलं की एका पक्ष्याचं पिल्लू उंच कड्यावरून उडी मारतं. त्याला उडता येत नाही मग ते मरत नाही का?

तू पाहिलंस ते गिलेमॉटचं पिल्लू असणार, आणि यान मायेनच्या कड्यांवर ब्रुनिचचा गिलेमॉट राहतो तोही हेच करतो. हे पक्षी घरटं बांधत नाहीत. उघड्या दगडाच्या अरुंद कठड्यावर थेट अंडं, एका बाजूला निमुळतं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की कठड्यावर मासे आणून आणून पुरत नाहीत, त्यापेक्षा पिल्लालाच माशांकडे नेलेलं बरं. तोवर त्याचे पंख अर्धवटच असतात.

संध्याकाळचा उजेड मंदावतो तेव्हा बाबा खाली पाण्यावरून हाक मारतो किंवा शेजारीच उभा राहून ओरडतो. पिल्लू कड्यापाशी येतं, मागे जातं, परत येतं, मान खाली घालून बघतं, आणि मग छोटे पंख पसरून स्वतःला सोडून देतं. ते हलकं असतं, अंगावर दाट पिसं असतात, पंख फडफडवत तिरपं तरंगत येतं, म्हणून पाण्यावर पडलं तर बहुतेक वेळा काही होत नाही. दगडांवर पडलेलीसुद्धा पुष्कळदा उठून पाण्याकडे धावतात. खरी भीती पडण्याची नसते, टपलेल्या ग्लॉकस गलची असते. म्हणून खूप पिल्लं एकाच वेळी उड्या मारतात, गल तरी किती पकडणार.

खाली पाण्यावर शेकडो पिल्लं ओरडत असतात आणि शेकडो बाबाही. त्या सगळ्या गोंगाटात दोघं एकमेकांना आवाजावरून ओळखतात, कारण कठड्यावर असतानाच आवाज पाठ झालेला असतो. भेट झाली की चोचीला चोच लावतात आणि दोघं लगेच उघड्या समुद्राकडे पोहायला लागतात. आई बरोबर नसते. पुढचे एक-दोन महिने बाबाच त्याला भरवतो, आणि त्या काळात त्याची स्वतःची पंखांतली पिसं गळून नवी येत असल्यामुळे त्यालाही उडता येत नाही, म्हणून दोघंही पोहतच जातात.